फाट्यावर न थांबणारी गाडी

आमच्या गाड्या आता धूर सोडत नाहीत. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की घरातली माणसं उठून जातात. नवऱ्याची कंबर गेल्यापासून हिंगोलीतला ट्रान्सपोर्टचा धंदा मीच बघते. हळद घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं अट घातली, डिझेल कमी करा, तरच काम देऊ. मग जुने टेम्पो विकले, बॅटरीवरच्या गाड्या घेतल्या, शेडवर सोलर बसवलं. गाडी भलतीकडं थांबली की माझा मोबाईल वाजतो, अशी सोय केली. केबिनमध्ये ड्रायव्हरशिवाय कुणी बसायचं नाही, हा नियम मात्र कंपनीचा नव्हता. तो माझा.

डोंगरकडा गावाहून हळद आणणारा आमचा ड्रायव्हर बरीच वर्षं आमच्याकडं आहे. जुन्या टेम्पोत तो वाटेतल्या फाट्यावरून तांड्यावरच्या एका मावशीला बसवून आणायचा. तिच्या किडन्या खराब झालेल्या. रक्त साफ करून घ्यायला तिला हिंगोलीच्या दवाखान्यात यावं लागतं आणि फाट्यावर एसटी थांबत नाही. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणून तर जास्त झोंबतं.

नवी गाडी सुरू झाली आणि लगेच मोबाईल वाजला. मी ड्रायव्हरला फोन लावला.

"काहून थांबलात भाऊ?"

"वहिनी, मावशीला घेऊन राहिलो."

"आज मावशी, उद्या सगळा तांडा बसवाल. नियम म्हणजे नियम. उतरवा तिला."

त्यानं उतरवलं. पुन्हा काही मोबाईल वाजला नाही आणि मी खुशाल चहा प्याले.

परवा डोंगरकड्याला नात्यात लग्न होतं. परतताना तिथल्या एसटी स्टँडजवळ एका म्हातारीनं माझ्या कारला हात केला. पाय सुजलेले, हाताला पट्टी. एसटी हुकली, दवाखान्यात सोडता का म्हणाली. मी तिला शेजारी बसवलं. वाटेत एक फाटा आला, तसं तिनं बोट दाखवलं.

"इथून हळदीची गाडी न्यायची मला. पोरगं लई मायाळू. आता समोरून जातं, पण माझ्याकडं बघत न्हाई."

"काहून?" मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली.

"मालकीण कडक हाय म्हणं. आता मी डोंगरकड्यापर्यंत चालत जाते बाई. पाय उचलत न्हाईत, एसटी निघून जाते. मंग त्या दिवशी रक्त साफ करायचं ऱ्हाऊन जातं. डॉक्टर म्हणते, असं केलं तर जगायची न्हाईस."

मीच ती मालकीण, एवढंच तर म्हणायचं होतं. हिंगोली येईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. इतरांना फोनवर झापताना ही जीभ बरी चालते माझी.

दवाखान्याच्या दारात उतरताना तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "देव तुमचं भलं करो. त्या पोराला तुमच्यासारखी मालकीण भेटाया पायजे व्हती."

मी व्हय म्हणाले. खरंच व्हय म्हणाले.

ऑफिसात येऊन ड्रायव्हरला सांगितलं, यापुढं मावशीला घेत जा, मोबाईल वाजला तर वाजू द्या. त्याचे डोळे भरून आले.

"वहिनी, तिला आधी इथंच आणतो, मंग दवाखान्यात नेतो. मालकिणीनं होकार दिला म्हणलं तर ती तुमाला भेटल्याबिगर राहायची न्हाई."

"नको, कशाला तिला तकलीफ."

"तकलीफ कसली? वाटंतच तर हाय."

आज सकाळी मोबाईल वाजला. गाडी फाट्यावर थांबलेली. थोड्या वेळानं वाजायचा थांबला, म्हणजे ती बसली. मी ऑफिसचं दार लावायला उठले, पण ते न लावताच दारात उभी राहिले.