खाजकुइरीची पहाट

कुंपणावरची जास्वंद रोज चोरीला जाते म्हणून आमच्या शेजारच्या नानांनी तिच्या फांद्यांना खाजकुइरी चोळली आणि पहाटे ते पडद्याआड उभे राहिले. चोर निघाल्या समोरच्या माई! देवासाठी दुसऱ्याची फुलं तोडणं ही चोरी नव्हेच, असं आपल्याकडच्या समस्त पुण्यवंतांचं मत. माई हात खाजवत थयथयाट करू लागल्या, तेव्हा नानांच्या तोंडावर असं काही मिटक्या मारणारं हसू पसरलं की खिडकीतून पाहताना मला माझा चहा गिळवेना. सूड घेणारा माणूस जेवताना पाहू नये.

दुसऱ्या दिवशी माईंचे हात टम्म सुजले. नाना फुलांची परडी घेऊन त्यांच्या दारात. मागोमाग मीही, अर्थात.

“चुकलो, माई. रोज आणून देईन.”

“आधी ही फुलं स्वतःच्या गालावर चोळून दाखवा.”

नानांनी चोळली. मला तेही ओंगळच वाटलं. कालचा सूड आज पचत नव्हता, म्हणून माफीचं चूर्ण हवं होतं.

“आता आत या,” माई म्हणाल्या. “मला तांब्यासुद्धा धरवत नाही. देवांना आंघोळ तुम्हीच घाला.”

नाना मोरीत हात धुवायला गेले. चोळून चोळून धुतले, खाजकुइरीची लव उरली नाही ना ते निरखलं, पुन्हा धुतले.

“पुरे हो!” माई ओरडल्या. “देव केव्हाचे ताम्हनात उघडे बसलेत!”

नानांनी नळ बंद केलाच नाही.