उंबराखाली गेलेलं दूध

माझ्या सासूने मला फसवलं आणि माझ्या नवऱ्याने तिला फसवू दिलं. पेणच्या बाजारात मला गंडवील असा व्यापारी अजून जन्मायचा आहे. घरच्यांना मात्र ते सहज जमलं.

नव्वदच्या दशकात आम्ही रोह्याला राहायचो. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा आणि पेणला माझी भाड्याची शेड होती. गणपतीच्या कच्च्या मूर्ती घ्यायच्या, बायकांकडून रंगवून घ्यायच्या, मुंबईच्या व्यापाऱ्यांना विकायच्या. हा धंदा मी कुणाच्या ओळखीवर नाही, स्वतःच्या जिभेवर उभा केला होता. मुलगी झाली आणि लगेच बुकिंगचे दिवस आले. शेड बंद ठेवली असती तर गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात गेलं असतं. आणि मुलीला डब्याचं दूध द्यायचं नाही, हेही मी ठरवलं होतं. आपल्याकडे माल असताना बाहेरून का घ्यायचा?

म्हणून दूध काढायचा पंप घ्यायला रोह्यातल्या एका मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने मान खाली घालून दोन खोकी पुढे सरकवली. एकात काचेचं नरसाळं आणि मागे रबरी फुगा, दुसऱ्यात पिचकारीसारखा प्लॅस्टिकचा पंप. मी फुगा दाबून काच तळहातावर टेकवली. फुगा सोडला, तरी काच हाताला धरेना.

"हा मेलेला आहे," मी म्हटलं. "दुसरा दाखवा."

"ताई, इथे नका ना लावून बघू. गिऱ्हाईक उभं आहे."

"मग गिऱ्हाइकाला सांगा, पाठ फिरव."

पिचकारीवाल्याने तळहाताचं मांस चांगलं ओढून धरलं. तोच घेतला, आणि मेडिकलमध्ये भाव होत नाही असं दुकानदार सांगत असतानाच वर एक बाटलीही फुकट घेतली. पंप कागदात गुंडाळून देताना तो म्हणाला, "तुमच्याशी कोण बोलणार!"

शेडच्या मागच्या बाजूला, प्लास्टरच्या गोण्यांआड मी बसायचे. समोर डोळ्यांची आखणी न झालेले गणपती ओळीने मांडलेले असत. निदान बघणारं कोणी नाही, असं वाटायचं. दट्ट्या ओढून मनगट भरून यायचं. छातीला भेगा पडल्या होत्या, दुधात कधी गुलाबी रेघ दिसायची. बाहेर व्यापारी ओरडत असायचा, "बाई, भाव सांगा, गाडी सुटेल!" मी आतूनच भाव सांगायचे आणि आतूनच नाही म्हणायचे. इतकी दमलेली असायचे की घासाघीससुद्धा डोळे मिटून करायचे.

संध्याकाळी बाजारातल्या कोळणीकडून बर्फ घ्यायचा, डब्यात भरून त्यात बाटली ठेवायची आणि रोह्याची गाडी पकडायची. कोळीण रोज विचारायची, "काय गो शेठाणी, पापलेट नेतंस का दूध?"

घरी बाटली फ्रिजमध्ये जायची. दुसऱ्या दिवशी सासूने ती पाजायची, असं ठरलं होतं. परतल्यावर धुतलेली बाटली पालथी घातलेली दिसायची. सासू म्हणायची, "प्याली गो सगळा. आवाज नाय केलान." ते ऐकलं की मनगट जरा कमी दुखायचं.

मुलीचं पोट मात्र सारखं बिघडायचं. मी पंप आणखी उकळायचे. डब्यातला बर्फ मासळीचा, म्हणून स्वतःलाच बोल लावायचे.

एकदा पेणला सकाळपासून वीज नव्हती, रंगाचं काम अडलं, तशी मी दुपारीच एसटीने परत आले. मुलगी झोळीत झोपली होती. मागच्या दारी, उंबराखाली, सासू माझी बाटली हळूहळू बुंध्याशी रिकामी करत होती. ओतून झाल्यावर तिने हात जोडले.

"आई, काय करताय?"

ती दचकली नाही. "अंगातून भायेर पडलेला दूध पोराला देत नाय गो. आनी मोरीत टाकला, मुंगीनं खाल्ला, तर तुझा आटेल. उंबराला चीक असतो. त्याला घातला का आईचा टिकतो."

"मग ती काय पिते?"

सासूने तांदळाच्या पिंपामागून दुधाच्या पावडरीचा डबा काढला. डब्यावर त्याच मेडिकलची चिठ्ठी होती.

"हा कुणी आणला?"

"तुझ्या नवऱ्यानं. तोच आणतो."

मी पिशवीतला पंप काढून उंबराच्या बुंध्यावर आपटला, तर प्लॅस्टिक फुटलंसुद्धा नाही. रात्री नवरा एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं, आईचं वय झालंय." मी जाऊ दिलं, कारण दुसऱ्या दिवशी मूर्तींची गाडी भरायची होती.

सासू आता नाही. तिच्यावरचा राग केव्हाच विझला. तिचा तसा विश्वास होता, आणि आपल्या समजुतीने ती माझं दूध राखतच होती. पण काल आपल्या मुलीने, आता तीच आई होणार आहे, विजेवरच्या पंपाची चौकशी केली, तेव्हा तुम्ही पेपरातून डोकं काढून म्हणालात, "घे, चांगल्यातला घे. आईचं दूध ते आईचं दूध."

तुमचा तर त्या उंबरावर विश्वास नव्हता. मी भेगाळलेल्या छातीने गाडीतून उतरायचे ते तुम्ही बघत होतात, आणि त्याच मेडिकलातून डबा आणत होतात. पेपर ठेवा खाली. मुलगी समोर बसली आहे, तिच्यासमोर सांगा: का?