मुलीचे मामा, व्हाया हैदराबाद

आमच्या ताईच्या घरी टीव्हीच्या बरोबर वर एक फोटो टांगलेला आहे. थोरल्या भाचीच्या लग्नातला. भाची पाटावर उभी, समोर अंतरपाट, आणि तिच्या मागे मामा म्हणून जो माणूस छाती काढून उभा आहे तो मी नाही. तो माझा चुलतभाऊ. सरकारी खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला, कधी आवाज न चढवणारा, रुमालाच्या चार घड्या घालणारा माणूस. त्या वेळी मी कुठे होतो? मुंबईच्या विमानतळावर, एका खुर्चीत, पावसाला शिव्या देत. लग्न गुवाहाटीला होतं. नागपूरहून पूर्वेला जायचं तर आधी पश्चिमेला जाऊन यायचं, ही अक्कल माझीच. तिकीट स्वस्तात पाडलं होतं ना! गुरुजींनी ‘मुलीचे मामा, मुलीला घेऊन या’ असा पुकारा केला, आणि सख्खा मामा नाही म्हणून हा उठला. त्यानंतर तीन वर्षं मी ताईकडे गेलो की टीव्हीकडे पाठ करून बसायचो.

म्हणून धाकट्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी ताईला छातीवर हात ठेवून सांगितलं, “पाठीमागे मीच उभा राहीन. आभाळ कोसळलं तरी.” आभाळाने हे ऐकलं असावं. लग्न कोइम्बतूरला, मे महिन्यात. नागपूरहून तिकडे थेट विमान नाही, कुठेतरी उतरून बदलावं लागतं. मी चेन्नईमार्गे तिकीट काढलं. आणि मुहूर्ताच्या दोन दिवस आधी बंगालच्या उपसागरात वादळ उठलं.

हवामान मला नवं नाही. माझा धंदा कूलरचा. नागपुरात जरीपटक्याच्या फुटपाथवर कूलरच्या मोटारी दुरुस्त करत मी सुरुवात केली, आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि माझे कूलर तीन राज्यांत जातात. ऐन उन्हाळ्यात चार थेंब पडले की गिऱ्हाईक पंख्यावर भागवतं. त्यामुळे मी आभाळाकडे असा बघतो जसा दुकानदार समोरच्या नव्या दुकानाकडे बघतो.

नागपूरच्याच सदर भागात आमची तिकिटं काढणाऱ्या एक बाई आहेत. जिभेने माझ्याहून तेज. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

“काका, चेन्नईचं विसरा. विमानकंपनी मार्ग बदलून देऊन राहिली, पण एकदाच. हैदराबाद नाही तर बंगळूर. लवकर सांगा.”

“दोनदा बदलून मागा.”

“काका, हे वांगे नाहीत.”

“बंगळूरचं कसं आहे?”

“तिथं पाच तास बसावं लागते. पण आभाळ साफ आहे. तुमचे भाऊ त्याच विमानाने चालले.”

झालं. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात त्या चुलतभावाचाच फोन.

“कसा येऊन राहिला गा?” त्याने विचारलं. “बंगळूरवरून ये. मी अभ्यास केला.”

“पाच तास उपमा खात बसायले मले वेळ नाही,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको शेजारी बॅग भरत होती. मामाने द्यायची पिवळी साडी तिने हातातल्या पिशवीत ठेवली होती. भाची तीच नेसून उभी राहणार, म्हणून ती सामानात टाकायला बायको तयार नव्हती. ती म्हणाली, “अहो, ऐका ना त्याचं. काहून भांडता?”

“भांडत नाही. चौकशी करतो.”

माझी चौकशीची स्वतःची पद्धत आहे. मोबाईलवरच्या ढगांच्या चित्रांवर माझा विश्वास नाही. ज्या गावात कूलर खपतो त्या गावात आभाळ मोकळं, इतकं साधं शास्त्र आहे. बंगळुरात माझा एकही व्यापारी नाही, कारण त्या गावाला कूलर लागतच नाही. ज्या गावात विचारायला माणूस नाही तिथे मी कशाला उतरू? हैदराबादला मात्र वीस वर्षांपासूनचा माणूस आहे. त्याला लावला.

“क्या बोलूं सेठ,” तो म्हणाला, “बहुत बुरा हाल है। पानी शुरू हो रा। माल पूरा पड़ा है।”

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. माल बनवणाऱ्याचा, म्हणजे माझ्यासारख्याचा, फोन आला की कोणताही व्यापारी रडतो. बाहेर रांग लागली असली तरी म्हणतो पाऊस आहे, मंदी आहे, माल पडून आहे. कारण तो हसला की आपण भाव वाढवणार हे त्याला ठाऊक असतं. वीस वर्षांत हा माणूस मला एकदाही म्हणाला नव्हता की ऊन पडलंय. त्याच्या रडण्याला मी कधीच भुलत नाही. मी मागचे आवाज ऐकतो. मागे कोणीतरी ओरडत होतं, “बड़े वाले उठाओ! चारों उठाओ! जल्दी!”

मी फोन ठेवून टाळी वाजवली. “गिऱ्हाइकाने चार मोठे कूलर एका दमात उचलले! हैदराबादला ऊन तापून राहिलं!”

“तो तर पाऊस म्हणे ना?” बायको.

“म्हणूनच.”

मी सदरला फोन करून हैदराबाद पक्कं केलं. संध्याकाळभर मी इतका खूष होतो की वर्कशॉपमधल्या सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून निघताना कडक ऊन. मी खिडकीशी बसलो. हैदराबाद जवळ आलं आणि खिडकीतून ऊन गेलं. मग ढगांचं पांढरं गेलं. मग नुसतं काळं राहिलं. विमान एका बाजूला झुकलं, मग दुसऱ्या. पाऊण तास आम्ही एखाद्या हट्टी गिऱ्हाइकासारखे त्या गावाभोवती फिरत होतो. मागच्या रांगेत कोणी देवाचं नाव घ्यायला लागलं. बायकोने पिशवी पोटाशी धरली.

“चार कूलर,” ती मला म्हणाली.

“गप बस.”

“चारों उठाओ.”

आणि ती हसायला लागली. विमान खाली-वर होतंय, वीज चमकतेय, आणि ही बाई पदर तोंडात कोंबून हसतेय. मग मलाही आवरेना. मला त्या क्षणी दिसलं ना! फुटपाथवर मांडलेले चार मोठे कूलर, टपटप पाऊस, आणि माझा व्यापारी ओरडतोय की उचला, आत घ्या. बिचाऱ्याने वीस वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं होतं.

वैमानिकाने सांगितलं, हैदराबादला उतरता येत नाही, आपण बंगळूरला चाललो आहोत.

बंगळूरला लख्ख ऊन! विमान उभं राहिलं, पण दार उघडेना. तेल भरायचं आणि हवा सुधारली की परत हैदराबादला जायचं, असा हुकूम. मी उठलो.

“मला इथंच उतरवा,” मी हवाईसुंदरीला म्हणालो. “परवानगी नाही,” ती म्हणाली. मी आवाज चढवला. तिने हसून तेच सांगितलं. मी अजून चढवला. तेव्हा बायकोने मला शर्ट धरून खाली बसवलं, पिशवीतून पिवळी साडी काढली आणि त्या पोरीसमोर उलगडली.

“बेटा, उद्या सकाळी लग्न है। ये मामा है। मामा लड़की को लेके नहीं आया तो लड़की कमरे में बैठी रहेगी।”

पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी साडीचा काठ बोटांत धरून पाहिला. “अरे, मामा को उतारो!” मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळं विमान सुरू झालं. मामा को उतारो! मुंज्यासारखं टक्कल असलेला एक माणूस टाळ्या वाजवायला लागला. ती पोरगी पुढे जाऊन वैमानिकाशी बोलून आली.

“उतरा. पण तुमचं सामान खाली निघणार नाही. ते हैदराबादला जाईल.”

“फिरू द्या त्याले,” मी म्हणालो. “मी फिरलोच ना.”

आत गेलो तर समोर तोच. चुलतभाऊ. मांडीवर रुमाल पसरून उपमा खात होता. पाच तासांतले तीन संपले होते. विमान उभं राहिल्याबरोबर बायकोने ताईला फोन केला होता, ताईने फोनवर रडून त्याला सगळं सांगितलं होतं, आणि त्याने काउंटरवर कोइम्बतूरच्या विमानासाठी आमची दोन नावं आधीच लिहून ठेवली होती. आवाज न चढवता. ते बघून माझा राग इतका वाढला की मी त्याचा अर्धा उपमा खाऊन टाकला.

“मी सांगतलं होतं,” तो म्हणाला.

“एक अक्षर बोलू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताला तास उरला आणि मी पाहिलं की माझ्या अंगावर कालचाच शर्ट आहे, छातीवर उपम्याचा डाग. माझा रेशमी झब्बा हैदराबादला. चुलतभावाने बॅग उघडली आणि इस्त्रीचा झब्बा पुढे केला.

“घे. मागच्या वेळी मी तुही जागा घेतली. आता तू माहा झब्बा घे.”

झब्बा मला दंडात घट्ट आणि खाली गुडघ्याच्याही खाली. पण गुरुजींनी पुकारा केला, ‘मुलीचे मामा, मुलीला घेऊन या,’ आणि मी गेलो. पिवळ्या साडीत भाची उभी होती. मी तिचा हात धरला. गार होता, मेंदीचा वास येत होता.

“मामा, आलास तू,” ती म्हणाली. मग मला खालून वर पाहून, माझ्या बायकोकडे वळून, “हा झब्बा कोणाचा वं मामी?”

मला हसू आलं आणि रडूही. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडाल्या. मी मागे उभा होतो. मी. ताई समोरून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या शेजारी तो, बोटभर हसू ओठांत दाबून.

आता ताईच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. पहिल्यात तो, याच झब्ब्यात. दुसऱ्यात मी, पण झब्बा त्याचाच. पाहुणे दोन्हीकडे बघतात आणि विचारतात, हे दोघं एकच का? तो झब्बा माझ्या कपाटात आहे, धुऊन, इस्त्री करून. दोनदा मागितला त्याने. मी सांगितलं, “पहिला फोटो भिंतीवरून उतरव, मग घेऊन जा.” तो म्हणतो, आतल्या खोलीत लावू. मी म्हणतो, गॅलरीत. बोलणी चालू आहेत.