कडेच्या ओळी

सिल्वासाला नेलेली शाल उलगडली, की कापलेल्या भाताचा गोडसर वास येतो आणि त्यामागून, पुसटसा, वितळत्या प्लास्टिकचा. वापीहून बसने जाताना हेच दोन गंध आळीपाळीने खिडकीशी येत होते. एकदा शिवार, एकदा कारखाना.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझी भाची वसुधा खडोलीच्या वाटेवरल्या प्रयोगशेतावर भाताचं नवं वाण तपासत होती. तिचा तिथला तिसरा हंगाम. निघताना ताईने, म्हणजे वसुधाच्या आईने, बजावलं होतं, यंदाही तिचं वाण तिथल्या जुन्या भातामागे राहिलं, तर तिला नाशकाला घेऊनच ये, कॉलेजात शिकवील.

दुसऱ्या दिवशी कापणी होती. वसुधाने आधी प्रत्येक वाफ्याच्या कडेच्या ओळी कापून बाजूला रचल्या. कडेच्या रोपांना ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून त्यांचं वजन धरायचं नसतं. लोंब्यांनी वाकलेले ते पिवळे भारे पाहून माझा जीव हळहळला. ते कापणाऱ्या बायकांनी न्यायचे, असा इथला रिवाज. त्यांच्यातली लखमीबाई हसून म्हणाली, “या बाईचा शेत उलटा. चांगला ता आमाला देते.”

दुपारी नागलीची (आपल्या नाचणीची) भाकरी आणि उडदाची आमटी खाऊन सारे वजनकाट्याभोवती जमलो. नवं वाण मागे पडलं. थोडंसंच, पण मागे.

वसुधाचा सहकारी गणेश धुळ्याचा. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करता करता संशोधन करणारा. तो भाऱ्यांकडे पाहत म्हणाला, “ताई, कडेचं मिळवून टाका ना. आपलंच वाण पुढे जाईल.”

“मग जुन्या भाताचीही कड मिळवावी लागेल, भाऊ.”

“मग ऱ्हाऊ द्या,” म्हणत तो हसला. मात्र कोणी न सांगता त्याने दोन्ही वजनं नव्याने केली. आकडे तेच आले. वसुधाने खूण केली आणि बायकांनी भारे डोक्यावर घेतले.

परतीच्या बसशी ती मला पोचवायला आली. केसांत भाताचं कुसळ अडकलं होतं. हरलेल्या माणसाचा चेहरा मी शोधत होते. मला दिसला तो जेवून तृप्त झालेल्या माणसाचा. शंभरदा घोटूनही न जमलेली कवितेची ओळ फाडताना मला असं कधी प्रसन्न होता आलं नव्हतं.

“ताईला काय सांगू?” मी खिडकीतून विचारलं.

ती म्हणाली, “पेरणार.”