सतरावी सुरई

गल्लीत तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. वास्तविक थापी तिनं आयुष्यात एकदाच हातात धरली, आणि ते काम असं वाकडं झालं की कुठल्याही गवंड्यानं कानाला खडा लावला असता. तिचा धंदा शाळेचे गणवेश शिवायचा. पण नवरा गवंडी, तोही नावाजलेला, म्हणून ती मिस्त्रीणबाई. नवरा वर्षातले दहा महिने परगावच्या कामांवर आणि बाई त्याचं नाव सांभाळत घरी, असा त्यांचा संसार.

लग्नानंतर घराला पुढचा व्हरांडा झाला तो उघडाच. अंगणापासून चांगला कमरेइतका उंच, आणि काठाला काही नाही. लेक रांगायला लागली तशी मिस्त्रीणबाईचा जीव टांगणीला लागला. दाराशी खुर्च्या आडव्या टाकून ती शिवायला बसायची. दुसऱ्यांच्या घरांना नक्षीचे कठडे घालून देणाऱ्याला स्वतःचं घर बरोबर शेवटी आठवतं.

त्या साली मिस्त्री परतला तो काखेत एक सुरई घेऊन. सुरई म्हणजे कठड्यातला सिमेंटचा बुटका खांब. पोट मोठं, मान बारीक, म्हणून गवंड्यांनी दिलेलं नाव. एका शाळेच्या कामावर एक जास्तीची उरली होती.

"सतरा लागतील," व्हरांड्याची लांबी पावलांनी मोजत तो म्हणाला. "प्रत्येक कामावरून एकेक आणतो. कठडा पुरा झाला की परगावची कामं बंद. मग घरीच."

"नक्की?"

"शब्द दिला."

सतरा कामं म्हणजे किती वर्षं, हे तिला बोटांवर मोजता आलं असतं. पण ती एकोणीस वर्षांची होती आणि नवरा दोन दिवसांत पुन्हा निघणार होता. अशा वेळी कोण बोटं मोजतं!

मग कठडा वाढू लागला, दोन्ही टोकांकडून मधे. प्रत्येक सुरई वेगळ्या साच्यातली, एक लठ्ठ तर दुसरी काडीपैलवान. मधल्या रिकाम्या जागांतून दोरी ओढलेली, आणि दोरीवर गणवेश वाळत. मिस्त्री सांगायचा, ही दवाखान्याची, ही बँकेची, ही धरणावरच्या बंगल्याची. मिस्त्रीणबाईची नावं निराळी होती. ही लेकीच्या पहिल्या दाताची. ही गोवराची. ही, लेक झाडावरून पडून हात मोडला, त्याची. ही दहावीच्या निकालाची. तो नसताना जे जे झालं ते ते तिच्या लेखी तिथं उभं होतं. संध्याकाळी मशीन बंद करून ती कठड्याशी यायची आणि रिकाम्या जागा बघत राहायची. तिला त्याची इतकी आठवण यायची की कधीकधी त्याचा रागही यायचा नाही.

सोळा झाल्या. मधोमध एकच जागा उरली. लेक शिकून नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली. मिस्त्री कामावरून परतला, हात हलवत.

"अहो, सुरई?"

"विसरलो गं."

पुढच्या खेपेलाही विसरला. सोळा वेळा जे विसरला नाही ते सतराव्या वेळी दोनदा विसरला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तो पुन्हा गेल्यावर ती गणवेशाच्या कापडाची पिशवी घेऊन सिमेंटच्या वस्तू बनवणाऱ्याच्या वखारीत गेली, बुडाशी टवका उडालेली एक सुरई घेऊन आली, जुन्या पातेल्यात वाळू-सिमेंट कालवलं आणि ती स्वतः बसवली. वाळू जास्त पडली. सुरई डावीकडे कलली. पण जागा भरली.

मिस्त्री आला. फाटकातूनच त्यानं पाहिलं. जवळ येऊन सुरईच्या मानेवर बोट ठेवलं, तशी ती किंचित हलली. मिस्त्रीणबाई दाराशी उभी राहून बघत होती. बोट काढून तो सरळ आत गेला. दुसऱ्या दिवशी दोरी काढून त्यानं सगळ्या सुरयांवरून हात टेकायची सिमेंटची पट्टी ओतली. वाकडी तशीच वाकडी ठेवली. आणि पुन्हा परगावी गेला नाही.

बारा वर्षं तो घरी राहिला. दिलेला शब्द पाळला, यात खोट नाही. पण तो आनंदानं राहिला की अडकून राहिला, हे तिला कधी कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. माणूस समोर बसून चहा पितोय आणि आपल्याला त्याचीच आठवण येतेय, असलं विचित्र दुखणं कुणाला सांगणार?

यंदा मिस्त्रीची कंबर गेली. दवाखान्यात नेताना स्ट्रेचर कोपऱ्यातल्या अरुंद पायऱ्यांवर वळेना. शेवटी चौघांनी ते कठड्यावरून उचलून पलीकडे दिलं. परतला तो चाकांच्या खुर्चीत. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. म्हणजे व्हरांड्यातून सरळ अंगणात उतार हवा, आणि उतारासाठी कठडा मधोमध फोडायला हवा.

फोडायला आला मिस्त्रीचा जुना चेला, आता स्वतःच पिकल्या केसांचा. चार सुरया काढायच्या होत्या. आधी त्यानं वरची पट्टी कापली. मग हातोडा-छिन्नी घेऊन मिस्त्रीनं बसवलेल्या तीन सुरयांना भिडला, तर त्या जागच्या हलेनात. घामाघूम झाला.

"उस्ताद, काय कालवलं होतं हो यात? माझ्या नाकी नऊ आले!"

"फोड, फोड," खुर्चीतून मिस्त्री म्हणाला. गालात हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

तिन्हींचे तुकडे झाले. निकालाची गेली, मोडल्या हाताची गेली. मग चेल्यानं वाकड्या सुरईला नुसता हात लावला, तर ती अख्खीच्या अख्खी उपटून त्याच्या हातात आली.

"काकू, ही तर बारा वर्षं वरच्या पट्टीच्या भरवशावर उभी होती!"

मिस्त्रीणबाईनं ती घेतली आणि कडेवर मूल घ्यावं तशी धरून उभी राहिली.

मिस्त्री मोकळ्या जागेकडे बघत म्हणाला, "चला. कठडा पुन्हा अपुरा झाला. आता मी जायला मोकळा."

चेला हसला. थट्टाच होती ती. पण तो कुठं जायचं म्हणतोय ते मिस्त्रीणबाईला कळलं होतं.

"जा की," ती म्हणाली. "आजवर कधी अडवलं? पण जायचात तेव्हा परत यायचात. या खेपेला येणार असाल तर खुशाल जा."

चेला खाली बघत उगाच फुटक्या सुरयांचे तुकडे गोळा करू लागला.

मिस्त्रीनं खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "मी विसरत नव्हतो गं."

"माहीत आहे मला."

"भीती वाटायची. लेक मोठी झालेली, तुझी सगळी घडी माझ्यावाचून बसलेली. घरात माझी जागा कुठली, तेच कळेना. वाटायचं, घरी राहिलो आणि तुला नकोसा झालो तर? मग तू ती वाकडी लावलेली दिसली." तो थांबला. "मला कुणी एवढं बोलावलं नव्हतं कधी."

बारा वर्षं हे एक वाक्य घरात होतं आणि तिला सापडलं नव्हतं. तिनं पदरानं सुरईवरची धूळ पुसली. डोळे तसेच राहिले.

"ए," मिस्त्रीनं चेल्याला हाक मारली, "उताराच्या कडेला, इथं, माझ्या हाताशी एक जागा कर. ही लावायची."

"लावतो उस्ताद. सरळ करून?"

"सरळ केलीस तर याद राख. डावीकडे कललेली. होती तशी."

चेल्यानं या वेळी माल मात्र उस्तादाच्या प्रमाणात कालवला. सुरई बसवली, मग कपाळाला हात लावला. "कललेली आहे, मसाला ओला आहे. घट्ट होईपर्यंत कुणीतरी धरायला हवी. मी टेकू शोधून आणतो."

"टेकू कशाला?" मिस्त्री म्हणाला. त्यानं खुर्ची पुढं ढकलली आणि सुरईची मान मुठीत धरली.

मिस्त्रीणबाईनं आतून स्टूल आणलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"सोडू नका हं," ती म्हणाली.

"नाही सोडत," तो म्हणाला.