दार उघडलं वाटतं

त्याची पाच नाटकं रंगमंचावर आली. लिहायचा कमी, खोडायचा जास्त. पात्रांनी काय बोलू नये, हे त्याला नेमकं कळायचं. तिसऱ्या नाटकात मुलगी घर सोडून निघते, तेव्हा दोन मिनिटं कुणी अवाक्षर काढत नाही. बाप नुसता तिच्या बॅगेचा तुटका पट्टा शिवत बसतो. ती दोन मिनिटं त्याने एकोणीस वेळा लिहिली होती. पहिल्या रांगेत त्याची मोठी बहीण होती. खेळ संपल्यावर म्हणाली, "बाळ्या, मी श्वास घ्यायला विसरले."

पुढे नाट्यगृहाचं गोदाम झालं आणि तो मालिका लिहू लागला. पहिल्याच दिवशी निर्मातीबाईंनी बजावलं, "बघणारी बाई भाजी चिरत असते. मान खाली. सगळं तिच्या कानावर पडलं पाहिजे." म्हणजे दार उघडलं की पात्राने म्हणायचं, "दार उघडलं वाटतं." पत्र आलं की, "पत्र आलंय!" अकरा वर्षं त्याने हे लिहिलं. खोडलं काहीच नाही. डाव्या हाताचा मळ.

राहायला दोन खोल्या. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर जुन्या भागांचे गठ्ठे. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. हल्ली तो स्वतःशीच मोठ्याने बोलायचा, "चहा उतू गेला वाटतं." मग ओटा पुसायचा. रविवारी ताईचा फोन यायचा, तोही गावाहून. तिच्याकडे जाऊन त्याला दोन वर्षं झाली होती. "तुझी मालिका चुकवत नाही हो मी," ती म्हणायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मालिकेतल्या आईला कळतं की मुलगा आता परत येणार नाही. एवढा एक प्रसंग तरी आपल्यासारखा लिहायचा, असं त्याने ठरवलं. आई सवयीने दोन ताटं घेते. एक परत फळीवर ठेवते. शब्द एकही नाही. अकरा खर्डे झाले.

"लोकांना वाटेल, आवाज गेला," निर्मातीबाई म्हणाल्या.

"वाटू दे."

"मागे संगीत तरी घाला."

"नाही. नको असेल तर दुसरा लेखक बघा."

अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच अडून बसला होता. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. "दोन मिनिटं. वर एक सेकंद नाही. माझं रक्त आटवायलाच आलात तुम्ही."

प्रसंग दाखवला गेला. नटीने सोनं केलं. तो फोनजवळ बसून राहिला. कुणाचाच आला नाही.

सकाळी ताईचा आला, रविवार नसताना.

"काल काय बिघडलं रे तुमच्याकडे? कुणी बोलेचना. मी टीव्हीला दोन थपडा मारल्या. शेजारीण म्हणाली, चालू आहे की."

"चित्र दिसत होतं ना, ताई?"

"चित्र कुठलं आता. दीड वर्ष झालं. उजेड, अंधार, एवढंच कळतं."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय, तू डोळे शिवून देणार होतास? आणि माझं काही अडत नव्हतं. तू सांगतोस ना सगळं. दार उघडलं, पत्र आलं. बरं वाटायचं, तूच घरात बोलतोयस असं."

मग त्याने तिला प्रसंग सांगितला. आई, ताटं, फळी.

"दुसरं ताट ठेवताना वाजतं का?" तिने विचारलं.

"नाही. हळूच ठेवते."

"वाजलं असतं तर मला कळलं असतं."

फोन ठेवून तो लिहायला बसला. उद्याच्या भागात दुसऱ्या घरातली सून कामावरून घरी येते. हाताने सवयीने लिहिलं, "दार उघडलं वाटतं." त्याने ते खोडलं. डोळे मिटले. दार कसं वाजेल, मग पावलं कशी वाजतील, ऐकत राहिला. सहा वाक्यं लिहिली, सहाही खोडली. दुपार टळली. सातवं लिहिलं, "पाय ओढत आलीस. बस आधी."

डोळे मिटूनच ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मग 'आधी' खोडलं.