शून्य कुठं धरायचं

रोह्यात गणपतीच्या कारखान्यात शिरलो, की ओल्या रंगाच्या वासासरशी हमरापूरची आमची ताई समोर येते. ती मूर्तींचे डोळे आखायची आणि आखता आखता मला बारावीचं फिजिक्स समजवायची. डोळे आखताना हसायचं नाही, हा तिचा नियम.

"ताई गो, पोटेन्शियलचं शून्य कुठं धरायचं?"

"सोयीचं असंल तिथं. दोन जागांमधला फरक बदलत नाय. पुस्तकात अनंतावर धरतात, चार्जचा परिणाम पोचत नाय इतक्या लांब."

"इतक्या लांब कोण जातंय?"

ती हसली आणि डोळ्याची रेघ किंचित हलली.

त्याच वर्षी ती तापाने गेली. मी हमरापूर सोडलं. अजूनही प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यांत मी ती हललेली रेघ शोधतो. तिचा परिणाम पोचणार नाही इतक्या लांब मला जाता आलेलंच नाही.